आधी हत्यारं, मग विद्या

नांदेड, देगलूर, उदगीर, लातूरहून हैदराबादला येणारी एसटी महात्मा गांधी बस स्थानकात लागते. हैदराबादकर त्याला अजून इमलीबनच म्हणतात. तिथून मुसीच्या काठाने थोडं चाललं की अफझलगंज. पाचवे निजाम अफझल-उद-दौला यांनी धान्याच्या व्यापाऱ्यांना इथे जागा दिली आणि त्यांच्याच नावाने हा गंज वसला. मागे उस्मानगंज आणि बेगमबाजार आजही घाऊक मालाने तुंबलेले असतात. नदीच्या बाजूला उस्मानिया रुग्णालय आणि सरकारी मध्यवर्ती ग्रंथालय या दोन थोरल्या इमारती उभ्या आहेत.

मराठवाड्यातून उतरणाऱ्या गर्दीत पाठीवर लॅपटॉपची सॅक अडकवलेली पोरंपोरी लगेच ओळखू येतात. स्थानकाजवळच मेट्रोची लाल मार्गिका आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये अमीरपेट ते एल. बी. नगर हा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून इथे गाडीत बसलं की न बदलता अमीरपेटला उतरता येतं. अमीरपेट म्हणजे सॉफ्टवेअरच्या शिकवण्यांची पेठ. मैत्रीवनम इमारतीच्या आसपास जावा, पायथन, डेव्हऑप्स, डेटा सायन्स अशा पाट्यांनी भिंती भरलेल्या असतात. स्वस्तात आणि झटपट शिकायचं तर तेलंगण, आंध्र, कर्नाटक आणि मराठवाडा या चारही बाजूंनी लोक इथेच येतात.

पदवी फायलीत असते, लॅपटॉप सॅकमध्ये असतो. तरी पहिल्याच तासाला शिकवणारा म्हणतो, “आधी सेटअप करून घ्या,” आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. संगणकाची कुठलीही भाषा शिकायची तर तिची हत्यारं आधी यंत्रावर बसवावी लागतात: कंपायलर किंवा इंटरप्रिटर, त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, कोड लिहायला एडिटर. आपल्या महाविद्यालयांनी हे काम हमालीचं ठरवून प्रयोगशाळेतल्या साहाय्यकावर सोपवलं. विद्यार्थ्याने यायचं, तयार आयकॉनवर टिचकी मारायची, जर्नलमधला प्रोग्राम उतरवायचा आणि घरी जायचं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हत्यारं बसवणं हाच पहिला धडा आहे आणि तो मुक्त प्रणालीवर, म्हणजे लिनक्सवर, जितका नीट शिकता येतो तितका दुसरीकडे येत नाही.

निळ्या पडद्याचं ओझं

बी.सी.ए., बी.एस्सी. आणि इंजिनियरिंगच्या कितीतरी तुकड्या आपल्याकडे सी भाषा शिकल्या त्या निळ्या पडद्यावर. बोरलँड कंपनीचा टर्बो सी १९८७ मध्ये आला, टर्बो सी++ १९९० मध्ये. डॉसच्या जमान्यात ते फार सरस साधन होतं. लिहिणं, कंपाइल करणं, चूक शोधणं, सगळं एकाच चौकटीत आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. पुढे विंडोज ६४ बिटांची झाली आणि तिच्यावर तो चालेनासा झाला. मग प्रयोगशाळांनी डॉसबॉक्स नावाचा नकली डॉस बसवला आणि त्याच्या पोटात टर्बो जिवंत ठेवला. कारण उघड होतं. जर्नलमधले प्रोग्राम त्याच्यावरच चालायचे आणि परीक्षकालाही तेच पाठ होते.

समजा, देगलूरची एक मुलगी पदवी घेऊन हैदराबादला आली आहे. वसतिगृहातल्या कुणीतरी तिच्या लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्स टाकून दिलं. पहिल्या वर्षाचा, दोन आकड्यांची बेरीज करणारा प्रोग्राम ती त्यावर चालवून बघते. तिथला जीसीसी हा कंपायलर एकाच ओळीत निकाल लावतो: “फेटल एरर: कोनियो डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.” खाली आणखी दोन शब्द: “कंपायलेशन टर्मिनेटेड.”

“दादा, कालपर्यंत चालत होता हो हा प्रोग्राम!”

“अगं, प्रोग्राम चालत नव्हता. टर्बो चालवून घेत होता.”

दादाचं बरोबर आहे. कोनियो डॉट एच ही डॉसवरच्या कंपायलरांची घरगुती सोय होती. पडदा पुसणारं क्लिअर-स्क्रीन आणि शेवटी कळ दाबेपर्यंत पडदा धरून ठेवणारं गेट-सी-एच तिच्यातूनच यायचं. सी भाषेच्या प्रमाण ग्रंथात ती कधीच नव्हती. सी++ची गोष्ट तशीच. तिचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये ठरलं आणि त्यात ‘आयओस्ट्रीम’च्या शेपटीचं ‘डॉट एच’ गळालं. टर्बो त्याआधीचा, म्हणून त्याच्या पुस्तकांत ते शेपूट अजून आहे.

याहून मजेशीर प्रकार पूर्णांकांचा. टर्बो सीमध्ये साधा पूर्णांक दोन बाइटांत मावतो, म्हणजे कमाल ३२,७६७. त्यात एक मिळवला की उत्तर येतं उणे ३२,७६८. आजच्या लॅपटॉपवर जीसीसी त्याच पूर्णांकाला चार बाइट देतो. मर्यादा दोनशे चौदा कोटींच्या पुढे जाते आणि तीच बेरीज सरळ ३२,७६८ येते. पूर्णांकाची लांबी भाषेने पक्की ठरवलेली नसून ती यंत्र आणि कंपायलर मिळून ठरवतात, हे पुस्तकात एका ओळीत असतं. पण ते डोक्यात शिरतं हत्यार बदललं की. ज्याने आयुष्यात एकच कंपायलर पाहिला त्याला भाषा कुठे संपते आणि कंपायलर कुठे सुरू होतो हे कळण्याचा मार्गच नसतो.

चिठ्ठी भरा, पुस्तक येईल

विंडोजवर वाढलेल्या हाताला एक सवय असते. हवं ते नाव शोधायचं, पहिली जी साइट दिसेल तिच्यावरून सेटअप उतरवायचा आणि नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश करत सुटायचं. त्या साइटवर सेटअप कुणी ठेवला, त्यात आणखी काय काय भरलंय, हे कुणी विचारत नाही. लिनक्सचा शिरस्ता निराळा आहे आणि तो समजून घ्यायला अफझलगंजच्या ग्रंथालयाइतकी चांगली जागा नाही. सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्या पुढाकाराने १८९१ मध्ये सुरू झालेलं हे आसफिया ग्रंथालय १९३६ मध्ये आजच्या वास्तूत आलं. अशा मोठ्या ग्रंथालयात वाचकाने भांडारात शिरून पुस्तकं उपसायची नसतात. सूची पाहायची, चिठ्ठी भरायची, पुस्तक येतं. ते अस्सल आहे का, पानं पूर्ण आहेत का, याची काळजी ग्रंथपालाने आधीच घेतलेली असते.

डेबियन आणि तिच्यावर बेतलेली उबुंटू ही लिनक्सची वितरणं याच रीतीने चालतात. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत ‘सुडो एपीटी अपडेट’ लिहिलं की सूची ताजी होते. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-एसेन्शियल’ ही झाली चिठ्ठी. बिल्ड-एसेन्शियल या गाठोड्यात स्वतःचं असं जवळपास काही नाही, ती नुसती यादी आहे. सीचा कंपायलर, सी++चा कंपायलर, मेक हे साधन, मूळ सी लायब्ररीच्या हेडर फायली. एपीटी, म्हणजे इथला ग्रंथपाल, ती यादी वाचतं, प्रत्येकाला आणखी काय लागतं ते शोधतं, किती जागा जाईल ते सांगतं आणि ‘पुढे जायचं का?’ असं एकदाच विचारतं. होकार दिला की माल उतरू लागतो. उतरलेल्या प्रत्येक गाठोड्याचा ठसा सूचीतल्या ठशाशी ताडून पाहिला जातो आणि त्या सूचीवर वितरकाची सही असते. सही जुळली नाही तर एपीटी बोंब मारतं. हे सगळं फुकट आहे हा भाग दुय्यम. माल कुठून आला हे दर वेळी कळतं, ही खरी मिळकत.

भांडार राखणारे लोक कोण? डेबियनच्या बाबतीत जगभर पसरलेले स्वयंसेवक. इयन मरडॉक या विद्यार्थ्याने १९९३ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. एपीटी १९९९ च्या २.१ या आवृत्तीबरोबर लोकांच्या हाती आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ बाहेर पडली तेव्हा भांडारात सुमारे ७० हजार गाठोडी होती आणि बहुतेकांना कुणीतरी वाली नेमलेला होता.

हे भांडारही अभेद्य नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साध्या साधनात कुणीतरी मोठ्या चिकाटीने चोरदरवाजा घुसवल्याचं उघडकीला आलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याने मूळ शोधत नेलं आणि चोरदरवाजा सापडला. डेबियनच्या चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंत तो पोचला होता, स्थिर आवृत्तीत शिरला नव्हता. सगळं उघड्यावर असल्याने चोर शिरला हेही खरं आणि उघड्यावर असल्यानेच एका माणसाला ती चोरी पकडता आली हेही खरं.

आता टर्बोकडे पुन्हा एकदा वळायला हवं. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली, तेव्हा त्यांनी प्रणालीचा गाभा लिहायला आधी घेतला नाही. आधी एडिटर केला, मग कंपायलर. तो जीसीसी १९८७ मध्ये बाहेर आला, टर्बो सी आला त्याच साली. पुढे १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, लिहिला तो याच जीसीसीच्या जोरावर. म्हणजे ज्या प्रणालीवर आपण हत्यारं बसवतो ती प्रणालीच मुळात हत्यारांतून जन्मली. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन कंपायलरांपैकी एकाचा मालक एक होता. त्याने लक्ष काढून घेतलं आणि कंपायलर जिथे होता तिथेच गोठला. दुसऱ्याला हजारो हातांनी पुढे नेलं. डेबियन १३ मध्ये त्याची चौदावी मुख्य आवृत्ती आहे. आपल्या प्रयोगशाळांनी गोठलेला निवडला.

एरर येतोय

लिनक्सवर सगळं लोण्यासारखं चालतं असं सांगणारा माणूस थापा मारतो. ठेचा लागतात. पण बहुतेक ठेचा ठरलेल्या जागी लागतात आणि प्रत्येक ठेच काहीतरी शिकवते.

पहिली ठेच कुलपाची. नवीकोरी उबुंटू बसवून कुणी लगेच एपीटीची आज्ञा देतो आणि उत्तर येतं, “कुड नॉट गेट लॉक.” पोरं घाबरतात. इंटरनेटवरचा कुणी उत्साही सल्ला देतो की कुलपाची फाइल उडवून टाका. तसं करू नये. पडद्यामागे प्रणाली स्वतःच सुरक्षा-सुधारणा उतरवत असते आणि एका वेळी एकानेच नोंदवहीत लिहावं म्हणून तिने कुलूप घातलेलं असतं. कुलूप तोडलं तर नोंदवही अर्धवट राहते. चहा पिऊन यावं, कुलूप आपोआप निघतं.

दुसरी ठेच “अनएबल टु लोकेट पॅकेज.” एक तर नाव चुकलेलं असतं, नाही तर सूची ताजी न करताच चिठ्ठी भरलेली असते. ‘एपीटी सर्च’ ही आज्ञा यासाठीच आहे.

तिसरी ठेच पायथनची, आणि ती जरा खोल आहे. डेबियन-उबुंटूमध्ये पायथन बहुधा आधीपासून असतो, कारण प्रणालीची बरीच कामं त्याच्यावर चालतात. शिकाऊ पोराला वाटतं, हा जुना, आपण नवा टाकू. तो सरळ ‘रिमूव्ह’ म्हणतो, एपीटी काय काय जाणार त्याची लांबलचक यादी दाखवतं, तो न वाचता होकार देतो आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू केल्यावर डेस्कटॉपच नसतो. नव्या आवृत्त्यांनी याच्या पुढची खबरदारी घेतली. २०२३ च्या डेबियन १२ पासून ‘पिप’ या पायथनच्या हत्याराने थेट काही बसवायला गेलं की ते अडवतं आणि सांगतं, “एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट.” अर्थ असा की हा पायथन एपीटीच्या ताब्यात आहे, यात बाहेरून ढवळाढवळ नको. उपाय सोपा. ‘पायथन३-व्हेन्व’ हे गाठोडं बसवायचं, आपल्या कामाच्या फोल्डरात वेगळी चूल मांडायची आणि हवं ते तिथे टाकायचं. काम संपलं की फोल्डर उडवला, प्रणालीला ओरखडाही नाही. तरी हट्टच असेल तर एक वाट आहे. तिच्या पर्यायाचं नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ ठेवलंय. इतक्या स्पष्ट शब्दांत घरचेही बजावत नाहीत.

जावाचं मात्र इथे सोपं जातं. विंडोजवर जावाच्या शिकवणीचा पहिला तास ‘पाथ सेट करा’ यात जातो. सन कंपनीने २००६ मध्ये जावा मुक्त परवान्याखाली देण्याचं जाहीर केलं, त्यातून ओपनजेडीके उभा राहिला. आज ‘एपीटी इन्स्टॉल डिफॉल्ट-जेडीके’ म्हटलं की जावाचा कंपायलर जिथे सगळ्या आज्ञा असतात तिथेच जाऊन बसतो. पाथ वेगळा सांगावा लागत नाही. उरला प्रश्न नव्या भाषांचा. रस्टसारख्या भाषेचे लोक ‘इंटरनेटवरून ही स्क्रिप्ट घ्या आणि थेट चालवा’ असं सांगतात. मूळ संकेतस्थळ असेल तर ठीक. पण स्क्रिप्ट एकदा उतरवून, वाचून मग चालवावी. आणि भांडारात असेल तर भांडारातूनच घ्यावी. रस्टचं ‘रस्टअप’ डेबियन १३ च्या भांडारात आहे.

या सगळ्यात एकच कौशल्य पुन्हा पुन्हा लागतं: पडद्यावर आलेला मजकूर शेवटपर्यंत वाचणं. चांगल्या प्रोग्रामरचं अर्धं पोट त्याच्यावर भरतं, आणि निळ्या पडद्यावर ते शिकवलं जात नाही.

मराठीचं कुठवर आलं

मजकूर वाचायचा तर कुठल्या भाषेत? डेबियनच्या चित्रमय इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडता येते. एपीटीच्या कितीतरी संदेशांचं मराठी केलेलं आहे. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित टंक मुक्त परवान्याखाली दिले, त्यानंतर लिनक्सवर देवनागरी दिसण्याची अडचण हळूहळू संपली. त्या कामातला मोठा वाटा पुण्यात बसलेल्या लोकांचा. पण जीसीसी जर्मन, जपानी, व्हिएतनामी अशा भाषांत चुका सांगू शकतो, मराठीत नाही. म्हणजे दार मराठीत उघडतं आणि आत गेल्यावर चूक दाखवणारा इंग्रजीत बोलतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला नेमका तिथेच कुणीतरी सोबत हवा असतो.

तशी सोबत आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने केली. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात लिनक्स, सी, जावा, पायथन यांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत आणि त्यातले बरेच मराठी आवाजात. अर्ध्या पडद्यावर पाठ लावायचा, उरलेल्या अर्ध्यावर आपण करून बघायचं, अशी त्याची पद्धत. हैदराबादेत तेलुगूसाठी ‘स्वेच्छा’ ही संस्था २००५ पासून हेच काम करते. तिने तेलुगूतली डेबियनवर आधारलेली प्रणाली घडवली आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मुक्त सॉफ्टवेअरच्या कामाला जुंपलं. हैदराबादच्या मराठी संस्था नाटक, साहित्य, शाळा यांत शंभर वर्षं खपल्या आहेत. त्यांच्या सभागृहात महिन्याचा एक रविवार ‘लॅपटॉप घेऊन या, लिनक्स बसवून जा’ असा ठेवायला कुणाची हरकत नसावी.

या शहराला असल्या उपद्व्यापाची जुनी सवय आहे. उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू करायचं ठरलं तेव्हा १९१७ मध्ये आधी भाषांतराचं खातं उघडलं, दार-उल-तर्जुमा. गणित, भौतिक, वैद्यक यांची पुस्तकं उर्दूत तयार व्हायला लागली आणि १९१९ मध्ये वर्ग भरले. संस्थानातली मराठी मुलंही तिथे विज्ञान उर्दूतून शिकली. तो प्रयोग १९४८ नंतर गुंडाळला गेला आणि त्याच्या भाषाधोरणावर मराठवाड्याची तक्रारही रास्त होती. पण क्रम विद्यापीठ उभारणाऱ्यांना नीट कळला होता. आधी साधनं, मग तास.

जुन्या यंत्रांचं काय करायचं

एके काळी खरी अडचण माल मिळवण्याची होती. टेलिफोनच्या तारेवरून लिनक्स उतरवणं अशक्य, म्हणून ‘पीसीक्वेस्ट’ किंवा ‘लिनक्स फॉर यू’ या मासिकांसोबत येणाऱ्या सीडीची वाट पाहिली जायची. उबुंटू २०११ पर्यंत जगभर टपालाने फुकट सीडी पाठवत असे. २०१६ मध्ये जिओ आलं आणि हा प्रश्न मिटला. आज फोनच्या हॉटस्पॉटवर बिल्ड-एसेन्शियल चहा गार व्हायच्या आत उतरतं.

यंत्रांचा प्रश्नही आता उलटा झालाय. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मायक्रोसॉफ्टने वर्षभराची वाढीव मुदत दिली, पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट यंत्रं केवळ कागदावर म्हातारी झाली. कार्यालयं ती काढून टाकतील आणि सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारांत ती ढिगाने येतील. डेबियन १३ एक्सएफसीई डेस्कटॉपसह ४ जीबी रॅमच्या यंत्रावर बिनतक्रार चालते. घेताना एवढंच पाहावं की प्रोसेसर ६४ बिटांचा आहे, कारण ३२ बिटांच्या जुन्या पीसीसाठी डेबियनने या आवृत्तीपासून इन्स्टॉलर देणं बंद केलं.

म्हणून दोन मागण्या. पहिली विद्यापीठांना. टर्बो सी प्रयोगशाळांतून काढा. पहिल्या सत्राचं पहिलं प्रॅक्टिकल असं ठेवा की विद्यार्थ्याने कोऱ्या यंत्रावर लिनक्स बसवायची, तिच्यावर कंपायलर बसवायचा, आणि मुद्दाम चुकीचा प्रोग्राम देऊन आलेला एरर स्वतःच्या शब्दांत, मराठीत, जर्नलमध्ये लिहायचा. त्याला गुण द्या. यासाठी नवा निधी लागत नाही, परवाना लागत नाही, अभ्यास मंडळाची एक बैठक लागते.

दुसरी मागणी वाचकांना. घरात विंडोज १० चा लॅपटॉप धूळ खात पडला असेल तर भंगारात देऊ नका. आपली कागदपत्रं काढून घ्या, डेबियन बसवा आणि तो गावच्या वाचनालयाला द्या. त्यावर भाषांची हत्यारं मात्र भरून देऊ नका. झाकणाला एक कागद चिकटवा, त्यावर एपीटीच्या दोन आज्ञा लिहा. बाकीचं ज्याला शिकायचंय त्याला करू द्या, चुकू द्या, एरर वाचू द्या. भंगारवाल्याकडून मिळणाऱ्या चार पैशांपेक्षा हा व्यवहार कितीतरी फायद्याचा आहे.